ओळखीची चिठ्ठी

पूर्वी परगावी जाणारा मनुष्य गावातील एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाकडून ओळखीची चिठ्ठी घेऊन जात असे. ती दाखविली, की अपरिचित घरीही त्याचे स्वागत होई. आज संगणकाच्या जगातही अशी चिठ्ठी चालते.

एखादे नवे संकेतस्थळ उघडले, की ‘गूगलच्या खात्याने प्रवेश करा’ किंवा ‘फेसबुकच्या खात्याने प्रवेश करा’ असे शब्द पुष्कळदा दिसतात. गूगलची निवड केली, तर ते संकेतस्थळ आपल्याला गूगलकडे पाठविते. तेथे आपण परवलीचा शब्द सांगून ओळख पटवितो. मग गूगल त्या संकेतस्थळास जणू चिठ्ठी देते, “ही व्यक्ती माझ्या ओळखीची आहे.” आपला परवलीचा शब्द मात्र त्या संकेतस्थळास कळत नाही.

ही सोय लहान नव्हे. वीस ठिकाणचे वीस शब्द कोण लक्षात ठेवील? म्हणून पुष्कळ लोक सर्वत्र एकच शब्द वापरतात. तो एका ठिकाणाहून चोरीस गेला, की चोराला सारी दारे मोकळी होतात. चिठ्ठीमुळे हे संकट टळते.

परंतु प्रत्येक सोयीचे मोल द्यावे लागते. आपण कोणाच्या दारी केव्हा जातो, हे चिठ्ठी देणाऱ्यास समजते. आपले नाव व ई-मेलचा पत्ता बहुधा त्या नव्या घरी पोहोचतो. शिवाय सर्व चिठ्ठ्या एकाच हातून निघतात. तोच फसला तर? सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकच्या यंत्रणेतील दोषांचा फायदा घेऊन चोरट्यांनी सुमारे ३ कोटी खात्यांच्या प्रवेशखुणा पळविल्या. त्यांच्या साहाय्याने इतर संकेतस्थळांतही शिरणे शक्य होते. तसे घडल्याचा पुरावा आढळला नाही, असे कंपनीने सांगितले. तथापि धोका केवढा आहे, हे सर्वांना उमगले.

यावर काही उपायही निघाले आहेत. २०१९ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या चिठ्ठीत खरा ई-मेल पत्ता झाकण्याची सोय केली. त्याऐवजी ती एक निराळा पत्ता देते आणि तेथे आलेली पत्रे आपल्याकडे पोहोचविते.

तेव्हा मुलांनो, चिठ्ठी मागण्यापूर्वी क्षणभर थांबा. कोणती माहिती दिली जाणार आहे, ते वाचा. न समजल्यास वडीलधाऱ्यांना विचारा. ज्या घरी पुन्हा जावयाचे नाही, तेथील परवानगी काढून घ्या. आणि ज्या एका खात्यावर सारी भिस्त आहे, त्याचे कुलूप सर्वांत भक्कम ठेवा. सोय जरूर घ्यावी. पण तिचे मोल जाणून घ्यावी, यातच शहाणपण आहे.