पिकत्या द्राक्षांची राखण

आंबा अढीत घालून पिकविता येतो. केळीचा हिरवा घड घरात आणून ठेवला तरी पिवळा होतो. द्राक्षाला ही सोय नाही. वेलीवरून घड कापला की त्याची गोडी वाढणे तेथेच थांबते. म्हणून मण्यांत पुरेशी साखर भरेपर्यंत घड वेलीवरच राखावा लागतो. आणि नेमक्या याच दिवसांत त्या साखरेचे अनेक वाटेकरी बागेकडे वळतात. ज्याची बाग अर्ध्या एकराची आहे, त्याची वर्षाची कमाई या थोड्या आठवड्यांवर अवलंबून असते.

नाशिक व सांगली या भागांत वेलींची छाटणी वर्षातून दोनदा करतात. एप्रिलच्या छाटणीने फळ देणारी काडी तयार होते व ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या छाटणीनंतर त्या काडीवर घड येतात. साधारणपणे जानेवारी ते एप्रिल या काळात ते काढणीस येतात. त्यापूर्वी कठीण, आंबट मणी मऊ पडू लागतो, त्यातील आम्ल घटते व साखर वाढते. या अवस्थेला बागाईतदार ‘मण्यात पाणी उतरणे’ असे म्हणतात. मणी फुगतो तशी साल ताणली जाते. यापुढे मण्याचे सारे संरक्षण त्या पातळ सालीवर व तिच्यावरील मेणाच्या पुटावर असते. ही साल कोणी, केव्हा व कशी फोडली हे ओळखणे, हे राखणीचे पहिले काम होय.

जखमेवरून ओळख

पोपट, साळुंकी किंवा बुलबुल यांच्या चोचीने पडलेली जखम ओबडधोबड असते व मण्यातील गराचा काही भाग नाहीसा झालेला असतो. काही वेळा मणी समूळ तोडला जाऊन नुसता देठ उरतो. असे नुकसान दिवसा होते व झाडांजवळच्या कडेच्या ओळींत अधिक आढळते. सकाळी वेलीखाली चघळून टाकलेल्या साली व चोथा दिसला, तर रात्री वटवाघळे येऊन गेली असे समजावे.

मण्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक छिद्र असेल आणि दाबताच त्यातून रस येत असेल, तर रस शोषणाऱ्या पतंगाचा संशय घ्यावा. याची सोंड साल भेदण्याइतकी टणक असते. त्याच्या अळ्या मात्र द्राक्षावर वाढत नाहीत; त्या गुळवेलीसारख्या रानवेलींवर वाढतात. अंधार पडल्यावर विजेरी घेऊन फिरल्यास हे पतंग घडांवर बसलेले सापडतात.

मण्याला लांब चीर पडली आहे पण गर जागच्या जागी आहे, असे दिसल्यास दोष पाण्याकडे जातो. कोरड्या पडलेल्या जमिनीला एकदम भरपूर पाणी दिले किंवा अवकाळी पाऊस झाला, म्हणजे मणी वेगाने फुगतो व ताणलेली साल तडकते. दुपारच्या उन्हाकडील बाजूचेच मणी तपकिरी होऊन खोल गेले असतील, तर ते उन्हाने भाजलेले असतात.

मागाहून येणारे

फुटलेल्या मण्यावर मधमाश्या दिसल्या की दोष त्यांच्यावर येतो. वस्तुतः मधमाशीच्या मुखाला द्राक्षाची धडधाकट साल फोडता येत नाही; ती आधीच उघड्या पडलेल्या रसावर येते. गांधीलमाशी साल कुरतडू शकते, पण तीही बहुधा फुटका मणीच पसंत करते. पाठोपाठ किण्व व जिवाणू रस आंबवितात, आंबूस वास सुटतो, बारीक माश्या अंडी घालतात आणि एका मण्याची नासाडी घडभर पसरते.

कधी मूळ कारण पुष्कळ आधीचे असते. भुरी ही बुरशी मणी धरल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत त्याला सहज ग्रासते. तिने मारलेल्या सालीची वाढ खुंटते. आतील गर मात्र वाढत राहतो व अखेर मणी फुटतो. फेब्रुवारीत दिसणाऱ्या चिरेचे कारण अशा वेळी डिसेंबरात घडलेले असते. तेव्हा फवारा मारून ती चीर सांधत नाही.

बचाव

पक्ष्यांचा उपद्रव कडेला अधिक होतो आणि लहान बागेत कडच मोठी असते. शंभर मीटर बाजूच्या चौरस बागेत कडेचा दहा मीटरांचा पट्टा शेकडा ३६ क्षेत्र व्यापतो. ४५ मीटर बाजूच्या, म्हणजे सुमारे वीस गुंठ्यांच्या बागेत तोच पट्टा शेकडा ६९ होतो. म्हणून लहान बागेवर संपूर्ण जाळे टाकणेच हिताचे. ते ताणून बांधावे, खाली फट ठेवू नये व अडकलेला पक्षी सोडविण्यासाठी रोज पाहणी करावी. घडांना कागदी पिशव्या घातल्यास पतंग व ऊन या दोहोंपासून रक्षण होते. पाणी थोडे थोडे व नियमित द्यावे. घडांवर सावली धरणारी पाने ओरबाडू नयेत. फुटके मणी कात्रीने काढून बागेबाहेर पुरावेत. काढणी जवळ आली असता फवारणी केल्यास औषधाचा अंश फळात राहतो. वेष्टनावर लिहिलेला काढणीपूर्व काळ म्हणूनच कसोशीने पाळावा.

राखणीतूनही शोध लागतात. फ्रान्समधील मेडॉक भागात वाटसरूंनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. केवडा रोगाने इतर वेलींची पाने गळाली असता त्या ओळींची पाने टिकून राहिली, हे १८८२ मध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले. पुढे प्रयोग करून त्याने १८८५ मध्ये बोर्डो मिश्रणाची माहिती प्रसिद्ध केली. त्या ओळींजवळून अनेकजण गेले असतील. मिलार्दे थांबला व त्याने कारण शोधले. रोज सकाळ-संध्याकाळ बागेतून फेरी मारून एकेक फुटका मणी हातात घेऊन पाहणे, हे काम मात्र कोणत्याही बागाईतदाराला करता येण्याजोगे आहे.