खत्री, रतन

(सु. १९३२ – ९ मे २०२०). ‘मटका’ ह्या आकड्यांच्या बेकायदेशीर जुगाराचा मुंबईतील प्रमुख सूत्रधार. मूळचा कराचीचा. फाळणीनंतर (१९४७) हे सिंधी निर्वासित कुटुंबातील मूल पौगंडावस्थेतच मुंबईस आले.

महाराष्ट्रात द्यूताची परंपरा जुनी आहे. वेरूळच्या क्र. १४, २१ व २९ ह्या लेण्यांत शिवपार्वती अक्षक्रीडेत रंगलेली दाखविली आहेत. मटक्याचा उगम मात्र देवादिकांत नसून कापसाच्या व्यापारात आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील सुरुवातीचे व अखेरचे भाव तारेने मुंबईस येत आणि त्यांवर पैजा लागत. १९६१ मध्ये हे भाव येणे थांबले, तेव्हा काल्पनिक भाव काढण्याची युक्ती निघाली. कच्छमधून आलेला वरळीचा किराणा दुकानदार कल्याणजी भगत ह्याने १९६२ मध्ये आपला खेळ सुरू केला. त्याच्याकडेच काही काळ काम केल्यावर खत्रीने १९६४ मध्ये ‘न्यू वरळी मटका’ हा स्वतंत्र खेळ काढला. त्याचे मुख्य ठाणे मुंबादेवी परिसरातील धनजी स्ट्रीट येथे होते.

प्रारंभी चिठ्ठ्या मातीच्या मडक्यात टाकून आकडा काढीत. पुढे मडके गेले, नाव तेवढे उरले. पत्त्यांच्या जोडातून तीन पाने काढावयाची व त्यांच्या बेरजेतील एकं स्थानचा अंक घ्यावयाचा, ही पद्धत रूढ झाली. उदा., ३, ५ व ६ ही पाने निघाल्यास बेरीज १४ व आकडा ४. हा ‘ओपन’, ह्याच रीतीने काढलेला दुसरा आकडा ‘क्लोज’ आणि दोन्ही मिळून ‘जोडी’. एका आकड्यावर लावलेल्या रुपयास सामान्यतः नऊ रुपये मिळत. आकडे दहा असल्याने समन्यायी मोबदला दहा रुपयांचा झाला असता. उरलेल्या रुपयावर मालक, बुकी आणि चिठ्ठ्या गोळा करणारे पोसले जात. रक्कम कितीही लहान चालत असल्यामुळे परळ, लालबाग, वरळी ह्या भागांतील गिरणी कामगारांची मजुरी मोठ्या प्रमाणावर ह्या धंद्यात जाई. कागदोपत्री कसलाही करार नसलेला हा व्यवहार केवळ विश्वासावर चाले. पाने लोकांसमक्ष काढण्याचा खत्रीचा प्रघात आणि जिंकलेल्याचे पैसे चुकते करण्याची त्याची ख्याती हेच त्याचे खरे भांडवल होते. निकाल अल्पावधीत दूरदूरच्या शहरांत पोहोचत.

मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ अन्वये हा धंदा गुन्हाच होता. तरीही तो अनेक वर्षे जवळजवळ उघडपणे चालला. राजकारणी, पोलीस व चित्रपटव्यवसाय ह्यांच्याशी असलेल्या खत्रीच्या घसटीचा बराच बोलबाला होता. धंद्याचे हे उघडे स्वरूप पाहता स्थानिक पातळीवरील आश्रयावाचून तो चालणे अवघडच होते. आणीबाणीत (१९७५–७७) मात्र हा प्रभाव त्याच्या उपयोगी पडला नाही, सु. १९ महिने त्याला तुरुंगात राहावे लागले. सुटकेनंतर त्याने धंदा पुन्हा उभा केला. धर्मात्मा (१९७५) ह्या हिंदी चित्रपटातील प्रेमनाथची भूमिका त्याच्यावर बेतलेली असल्याचे मानले जाते.

जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सु. अडीच लाख कामगार सहभागी झाले. संप लांबला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि ज्यांच्या रोजच्या नाण्यांवर मटका उभा होता तो वर्गच विखुरला. पोलिसांच्या धाडी व अधिकृत लॉटऱ्यांची स्पर्धा ह्यांचीही त्यात भर पडली. मटका संपला नाही, पण पूर्वीचा पसारा राहिला नाही. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी खत्री धंद्यातून निवृत्त झाला. महालक्ष्मी येथील घोड्यांच्या शर्यतींचा, म्हणजे कायद्याने मुभा दिलेल्या पैजेचा, नाद मात्र त्याने सोडला नाही. मुंबई येथे राहत्या घरी त्याचे निधन झाले.