डेअरीतला फुटका कोबा

आष्टीकडच्या दूध केंद्रांवर काम करणारी मंडळी पायाला चिखल्या झाल्या म्हणून दवाखान्यात येतात. मलम देतो, पंधरा दिवसांत रोगी पुन्हा हजर! दोष पायाचा कमी, कोब्याचा जास्त.

सांडलेले दूध आंबते. त्यातले लॅक्टिक आम्ल सिमेंट खाते, खडी उघडी पडते, भेगांत पाणी साचते. अशा ओलीत लिस्टेरिया नावाचे जंतू वर्षानुवर्षे तग धरतात आणि थंडीतही, अगदी फ्रिजमध्येही, वाढतात. दूध पाश्चराइज केले की ते मरतात हे खरे. पण नंतर पाइपाने जमीन धुताना उडालेले तुषार पनीरवर बसले तर? गर्भवतीचा गर्भपात होऊ शकतो, वृद्धांना मेंदूज्वर. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ साली मांसपदार्थांच्या कारखान्यातून पसरलेल्या या रोगाने दोनशेवर माणसे दगावली.

वरवर सिमेंट फिरवून भागत नाही. पोकळ वाजणारा भाग घट्ट थर लागेपर्यंत फोडावा, चिकट ओशटपणा धुऊन काढावा, मगच भरावे. मोरीकडे उतार हवा, भिंतीच्या कडेला गोलाई. नवा कोबा साधारण २८ दिवस मुरू द्यावा. ओलीवर लेप दिला तर फोड येतात, अगदी कातडीसारखे! कढत पाणी पडते तिथे साधा इपॉक्सी सुटतो; पॉलियुरेथेन-सिमेंटचा जाड थर घ्यावा. महाग पडतो, मान्य.

तोवर कामगारांना गमबूट द्या, आणि ते रात्री उलटे टांगून वाळवा.