चूकभूल द्यावी घ्यावी

दुकानांतून आलेल्या एखाद्या बिलाच्या तळाशीं ‘ई. अँड ओ. ई.’ अशीं त्रोटक अक्षरें आपण पाहिलीं असतील. ‘एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड’ या इंग्रजी वाक्प्रचाराचीं तीं आद्याक्षरें होत. तो पूर्ण लिहावयाची वेळ आली म्हणजे पुष्कळ विद्यार्थी, व कित्येक प्रौढ मंडळीही, शेवटचा शब्द ‘ॲक्सेप्टेड’ असा लिहितात. उच्चार जवळजवळ सारखा असल्यामुळें ही चूक क्षुल्लक वाटते. परंतु तिनें अर्थाचा पार विपर्यास होतो.

हे दोन्ही शब्द लॅटिन भाषेंतील ‘घेणें’ या अर्थाच्या एकाच धातूपासून निघाले आहेत. भेद आहे तो उपसर्गाचा. ‘ॲक्सेप्ट’ म्हणजे आपल्याकडे घेणें, स्वीकारणें. ‘एक्सेप्ट’ म्हणजे बाहेर काढणें, वगळणें. ‘संडेज एक्सेप्टेड’ याचा अर्थ ‘रविवार वगळून’ असा होतो. त्याचप्रमाणें प्रस्तुत वाक्प्रचाराचा अर्थ असा कीं, चुका व राहून गेलेल्या बाबी वगळून हा हिशेब बरोबर समजावा. अर्थात् नजरचुकीनें कांहीं बिघडलें असल्यास तें सुधारण्याचा हक्क लिहिणारा राखून ठेवितो. तेथें ‘ॲक्सेप्टेड’ लिहिलें कीं ‘चुका मान्य आहेत’ असा अर्थ होऊन, जो हक्क राखावयाचा तोच हातचा जातो!

समजा, एका दुकानदारानें १५ रुपयांप्रमाणें २४ वह्या दिल्या. किंमत झाली ३६० रुपये. पण बिलांत ३०६ असा आंकडा पडला. ही झाली ‘एरर’, म्हणजे चूक. शिवाय दिलेली २० रुपयांची शाईची दौत लिहावयाचीच राहिली. हें झालें ‘ओमिशन’, म्हणजे भूल. राहिलेले ७४ रुपये त्यास मागाहून मागतां यावेत, यासाठीं तीं अक्षरें असतात. उलट, ३६० च्या जागीं ६३० पडून तितके वसूल झाले असतील, तर जादा आलेले २७० रुपये परत करणें हें त्याचें कर्तव्य आहे. चुकून हातीं आलेले पैसे परत केले पाहिजेत, असें १८७२ च्या भारतीय करार कायद्याचें ७२ वें कलम सांगतें.

आपल्या वडीलधाऱ्या मंडळींस हा विचार नवा नाहीं. हिशेबाच्या व पत्राच्या शेवटीं ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असें लिहिण्याचा परिपाठ आपल्याकडे आहेच. कदाचित् यांतील ‘घ्यावी’ या क्रियापदामुळेंच ‘ॲक्सेप्टेड’ हा शब्द आपणांस बरोबर भासत असेल. पण मराठींत चूक मान्य करून सोडून द्यावयाची नसते. तिच्यामुळें पडलेला फरक द्यावयाचा किंवा घ्यावयाचा असतो. इंग्रजी शब्द चूक हिशेबाबाहेर ठेवितात, मराठी शब्द तिची फेड सांगतात. वाटा दोन, मुक्काम एकच.

लिहितांना तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, ‘एक्झिट’ म्हणजे बाहेर जाण्याची वाट. ‘एक्सेप्ट’चीं पहिलीं दोन इंग्रजी अक्षरें तींच आहेत, म्हणून जें वगळावयाचें त्यास हाच शब्द. दुसरी, या वाक्प्रचाराची जागा बिल, दरपत्रक किंवा हिशेबाचा उतारा यांच्या तळाशीं आहे. मित्राच्या पत्रांत किंवा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत नव्हे. तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, हे शब्द निष्काळजीपणाचें किंवा लबाडीचें पांघरूण नव्हेत. पवित्र शास्त्रांतील नीतिसूत्रांच्या पुस्तकांत खोट्या तराजूचा निषेध केला आहे. त्या तराजूखालीं कोणतीही अक्षरें लिहिलीं तरी तो खरा होत नाहीं.

म्हणून आधीं बेरीज दोनदां तपासावी, मग तीं चार शब्दांचीं आद्याक्षरें लिहावीं. आणि इतकें करूनही कोणी आपली चूक दाखविली, तर त्याचे आभार मानून ती तत्काळ दुरुस्त करावी. तसें करणारानेंच त्या शब्दांचा खरा अर्थ जाणला, असें म्हणतां येईल.