आगंतुक टपालाचा बंदोबस्त

बुलढाण्याला आगगाडी अजून आलेली नाही. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी इंग्रजी अमदानीपासून चालू आहे, आणि आम्ही मंडळी अजून मलकापूर गाठूनच गाडी धरतो. परंतु ज्याला कुणी बोलावले नाही असे टपाल मात्र सातासमुद्रांपलीकडून निमिषार्धात आमच्या घरात येऊन बसते!

शेजारच्या गुरुजींचेच पाहा. सेवानिवृत्तीनंतर नातीने त्यांना ईमेल सुरू करून दिला. पहिले काही दिवस मोठ्या हौसेत गेले. पुढे रोज सकाळी चहाबरोबर पेटी उघडावी, तो कुणी परदेशी विधवा आपली कोट्यवधींची इस्टेट गुरुजींच्या नावे करायला निघालेली, कुणी बिनव्याजी कर्ज द्यायला आतुर, तर कुणी टकलावर केस उगवून द्यायला सज्ज! गुरुजी वैतागून म्हणाले, "भीक नको, पण कुत्रा आवर!" मग नातीने चाळणी अधिक कडक करून दिली आणि घरात शांतता नांदू लागली.

नात शेगावला अभियांत्रिकी शिकलेली, संगणकातील जाणकार. पण दिव्याखाली अंधार म्हणतात ना! तिने पुण्याच्या एका कंपनीत अर्ज केला होता. मुलाखतीचे बोलावणे आले, ते नेमके तिच्याच पेटीतील केराच्या कप्प्यात जाऊन पडले. तिने सहज तो कप्पा उघडला तेव्हा मुलाखतीची तारीख उलटून चार दिवस झाले होते. घरात त्या रात्री कुणी धड जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या ओट्यावर याच विषयाची बैठक बसली. या उपद्रवाचा बंदोबस्त करावा तरी कसा?

"कायदा हवा!" वकीलसाहेबांनी सुरुवात केली. पण त्यांनाच कायद्यांचा इतिहास ठाऊक. अमेरिकेने 2003 साली कायदा केला. त्याचा मथितार्थ असा की, पत्र घेणारा 'नको' म्हणेपर्यंत जाहिरात पाठवायला हरकत नाही. युरोपने त्याच्या आदल्याच वर्षी उलट भूमिका घेतली होती : आधी संमती, मग पत्र. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2008 च्या दुरुस्तीने 66-अ हे कलम आले. त्रास देण्यासाठी किंवा फसवण्यासाठी धाडलेला ईमेल त्यात गुन्हा ठरला. पण शब्द इतके सैल, की 2012 साली पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरील साध्या मतप्रदर्शनापायी अटक झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय! 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. नको असलेल्या फोनसाठी आणि लघुसंदेशांसाठी आपल्याकडे 1909 हा क्रमांक आहे. ईमेलसाठी तशी सोय नाही.

"आणि चोर परदेशात बसला असेल तर तुमचे समन्स पोहोचवणार कोण?" निवृत्त पोस्टमास्तर मिस्किलपणे म्हणाले. "अहो, आमच्या वेळीही हा रोग होता. 'हे पत्र मिळताच अशीच अकरा पत्रे धाडा, नाहीतर संकट ओढवेल!' पण त्या बिचाऱ्याला अकरा कार्डे विकत घ्यावी लागत, हाताने लिहावी लागत. बोटे दुखली की भक्ती आटोपायची. तिकीट लावा ईमेलला!"

ही सूचना वाटते तशी भाबडी नाही. सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर या शास्त्रज्ञांनी 1992 सालीच असे सुचवले होते, की प्रत्येक पत्रापूर्वी पाठवणाऱ्याच्या संगणकाला एक लहानसे गणित सोडवायला लावावे. एका पत्राला ते जाणवणार नाही. दहा लाख पत्रे पाठवणाऱ्याची मात्र कंबर मोडेल. मूळ दुखणे त्यांनी अचूक ओळखले होते. पाठवणाऱ्याला खर्च नाही, सारा भुर्दंड घेणाऱ्याला! 1978 च्या मे महिन्यात गॅरी थुर्क या अमेरिकन विक्रेत्याने संगणकांची जाहिरात सुमारे चारशे जणांना एकदम पाठवली, तेव्हापासून हेच चालले आहे. आयजीच्या जिवावर बायजी उदार!

"पण काका," नात म्हणाली, "हे लोक दुसऱ्यांचे संगणक चोरून वापरतात. तिकिटाचे पैसेही त्या दुसऱ्याच्याच खिशातून जातील. त्यापेक्षा चाळणी बरी."

चाळणीचा इतिहासही रंजक आहे. 2002 साली पॉल ग्रॅहम याने एक युक्ती लोकप्रिय केली. आपण निवडलेल्या बऱ्या-वाईट पत्रांतून संगणकाने शिकावे, कोणता शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो ते मोजावे आणि नवे पत्र कोणत्या ढिगातले याची शक्यता वर्तवावी. यामागचे गणित अठराव्या शतकातील टॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचे! बिल गेट्स यांनी तर 2004 साली दोन वर्षांत हा प्रश्न सुटेल असे सांगून टाकले. तो सुटला नाही. नोव्हेंबर 2008 मध्ये कॅलिफोर्नियातील एका कंपनीची जोडणी तोडताच जगातील असले टपाल निम्म्याहून खाली आले. पण काही महिन्यांत पुन्हा मूळपदावर. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर!

"तुझी चाळणी चांगली," गुरुजी हळूच म्हणाले, "पण बाळ, तुझे पत्रही तिनेच गिळले ना?" नात गप्प झाली. ओटाही क्षणभर गप्प झाला.

मला वाटते, तिघांचेही थोडे थोडे खरे आहे. चाळणीशिवाय आज एक दिवस निभणार नाही. पण सुक्याबरोबर ओलेही जळते, आणि ते कुणाच्या घरचे असेल ते चाळणीला कळत नाही. म्हणून ओझे पाठवणाऱ्याच्या खांद्यावर परत टाकणे हाच खरा उपाय. त्या दिशेने पावले पडत आहेत. फेब्रुवारी 2024 पासून गुगलने दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे धाडणाऱ्यांना आपली ओळख पटवणे सक्तीचे केले आहे. एका टिचकीत 'नको' म्हणण्याची सोयही त्यांना द्यावी लागते. पोस्टमास्तरांच्या तिकिटाचाच हा नवा अवतार म्हणाना!

उरलेले काम आपल्याच हाती आहे. अनोळखी पत्रातील दुव्याला बोट लावू नये. फसगत झालीच तर लाज न बाळगता 1930 वर तत्काळ कळवावे. आणि आणखी एक. दिवाळीच्या आवराआवरीत रद्दी काढताना आपण प्रत्येक वही झटकून पाहतो. एखादी नोट, एखादे जुने पत्र त्यात राहिलेले असते. गुरुजी आता रोज चहाच्या वेळी नातीला हाक मारतात, "अगं, केराचा कप्पा पाहिलास का?" तिने दुसरीकडे अर्ज केला आहे. उत्तराची वाट सारा ओटाच पाहतो आहे.