स्मृतीचे एकच कोठार नसते

माणसाची स्मृती मेंदूत एकाच ठिकाणी साठत नाही, हे ठामपणे कळले ते एका फसलेल्या उपचारातून. अमेरिकेतील हेन्री मोलेसन या तरुणाला अपस्माराचे तीव्र झटके येत. ते थांबावेत म्हणून १९५३ मध्ये विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने त्याच्या मेंदूतील दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढून टाकला. हा भाग कानशिलाच्या आत असतो. झटके कमी झाले, पण नवी आठवण रुजणे जवळपास बंदच पडले. थोड्या वेळापूर्वी भेटलेली व्यक्ती त्याला पुन्हा अनोळखी वाटे. बालपण मात्र आठवे, बोलणे सुरळीत होते आणि बुद्धीही शाबूत होती.

मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. रोज त्याचा हात सुधारत गेला, मात्र हे काम आपण पूर्वी केले आहे, याची त्याला दाद नव्हती. म्हणजे हाताला बसलेले वळण आणि प्रसंगाची आठवण यांची व्यवस्था मेंदूत वेगवेगळी असते. सायकल चालवणे किंवा पोहणे सहसा विसरत नाही, ते यामुळेच. दूरध्वनी क्रमांक लावेपर्यंत लक्षात राहतो, ते काम अल्पकालीन स्मृतीचे. हेन्रीची तीही शाबूत होती. लक्ष दुसरीकडे गेले की सारे पुसले जाई.

एखादी गोष्ट दीर्घकाळ टिकते तेव्हा चेतापेशींमधील जोडण्यांमध्येच बदल होतो. समुद्री गोगलगायीवर प्रयोग करून एरिक कँडेल यांनी ही प्रक्रिया उलगडली. २००० च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. गोगलगायीपासून माणसापर्यंत मूळ यंत्रणा बरीचशी सारखी निघावी, हे नवलच.

पण टिकलेली आठवण जशीच्या तशी राहते, असे नाही. आठवताना मेंदू प्रसंगाची नव्याने जुळणी करतो आणि त्यात नंतर कानावर पडलेलेही मिसळते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांच्या १९७४ च्या प्रयोगात लोकांना मोटार अपघाताची चित्रफीत दाखवली होती. गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता, असे काहींना विचारले, तर काहींना सौम्य शब्दात. आठवड्यानंतर पहिल्या गटातील ३२ टक्के लोकांनी फुटलेल्या काचा पाहिल्याचे सांगितले, दुसऱ्या गटात १४ टक्क्यांनी. चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. प्रामाणिक साक्षीदारही चुकू शकतो, ही गोष्ट न्यायालयांनी गंभीरपणे घ्यायला हवी.

अभ्यासाच्या बाबतीत मात्र हीच जुळणी उपयोगी पडते. धडा पुनःपुन्हा वाचणाऱ्याला तो आल्यासारखा वाटतो, आणि इथेच फसगत होते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवले की, पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत फेरवाचन करणारे पुढे होते; आठवड्याने मात्र पुस्तक मिटून आठवून पाहणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले.