साक्ष, ठेक्यावर

सप्टेंबर २०१४ मध्ये लेक्रे या अमेरिकन ख्रिस्ती रॅपरचा 'अ‍ॅनॉमली' हा अल्बम बिलबोर्डच्या सर्वसाधारण यादीत पहिला आला. त्याच आठवड्यात गॉस्पेल संगीताच्या यादीतही तोच पहिला होता. दोन्ही याद्यांवर एकाच वेळी पहिलं येणं त्याआधी कुणालाच साधलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात सुमारे ८८ हजार प्रती खपल्या. रेकॉर्ड कंपनीही घरचीच होती. २००४ मध्ये एका मित्राला सोबत घेऊन लेक्रेनं 'रीच रेकॉर्ड्स' काढली होती. 'अ‍ॅनॉमली'च्या आदल्या वर्षी, २०१३ मध्ये, त्याच्या 'ग्रॅव्हिटी'ला सर्वोत्कृष्ट गॉस्पेल अल्बमचा ग्रॅमी मिळाला, तोही हिप हॉप कलावंताला प्रथमच.

हे यश श्रोत्यांनी उभं केलं. ख्रिस्ती हिप हॉपला सुरुवातीपासून दोन दारांवर अडवलं गेलं. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांना हा रस्त्यावरचा, शिवराळ प्रकार वाटायचा, आणि हिप हॉपवाल्यांना ते रविवारचं प्रवचन वाटायचं. स्टीफन वायली या पाळकानं १९८५ मध्ये 'बायबल ब्रेक' काढलं, तेव्हा ते मुलांना बायबल शिकवण्याचं साधन म्हणूनच पाहिलं गेलं. पुढे नव्वदच्या दशकात फिलाडेल्फियाच्या 'क्रॉस मूव्हमेंट' गटानं या संगीताला धर्मशास्त्राचं वजन दिलं. लेक्रे आणि त्याचे साथीदार '११६' हे नाव लावतात. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातलं सोळावं वचन, म्हणजे सुवार्तेची लाज न बाळगण्याचं वचन, त्यामागे आहे. चाहत्यांनी हा आकडा टी-शर्टवर मिरवला, काहींनी अंगावर गोंदवून घेतला.

एवढा जिव्हाळा का? एक कारण साधं आहे. चार कडव्यांच्या स्तोत्रात जेवढे शब्द मावतात, त्याच्या कितीतरी पट शब्द एका रॅपमध्ये बसतात. त्यामुळे नुसती स्तुती करून थांबावं लागत नाही. कुठे चुकलो, कुणाला दुखावलं, मग काय झालं, हे सगळं सांगता येतं. 'अ‍ॅनॉमली'मधल्या एका गाण्यात लेक्रेनं प्रेयसीच्या गर्भपातातला स्वतःचा वाटा आणि लहानपणी झालेला अत्याचार, दोन्ही उघडपणे मांडलं. प्रतिष्ठित चर्चमध्ये जे कुजबुजूनही बोललं जात नाही, ते ठेक्यावर, सर्वांसमोर आलं. ऐकणाऱ्याला त्यात स्वतःचं काहीतरी सापडतं आणि तो गाणं पुन्हा लावतो.

मराठी ख्रिस्ती माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. मंडळीच्या सभेत उठून आपल्या आयुष्यात देवानं काय केलं ते सांगणं, म्हणजे 'साक्ष' देणं, हा इथल्या अनेक उपासनांचा ओळखीचा भाग आहे. दारू सुटली, आजारपण गेलं, घर मोडता मोडता सावरलं, असं माणसं साध्या शब्दांत सांगतात आणि मंडळी त्यांना दाद देते. ख्रिस्ती रॅप ही त्याच साक्षीची लयबद्ध बहीण आहे.

छत्रपती संभाजीनगरातल्या मुकुंदवाडीत साक्ष आणि रॅप यांचं हे नातं समजायला फार कष्ट पडू नयेत. जालना रस्त्याला लागून असलेली ही वस्ती. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर तिचं छोटं स्थानक आहे, एका अंगाला सिडको आणि दुसरीकडे चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत. शहराच्या या भागात खेड्यातून आलेली कष्टकरी कुटुंबं आहेत, आणि रॅप हे अशाच वस्त्यांचं गाणं. २०२३ मध्ये याच शहरातल्या राज मुंगासेचं राजकीय रॅप राज्यभर गाजलं. अमरावतीचे सौरभ अभ्यंकर आणि विपिन तातड आंबेडकरी जाणिवेचं रॅप करतात. मुंबईत अंधेरीच्या कॅथलिक घरातला विवियन फर्नांडिस 'डिव्हाइन' झाला आणि २०२० मध्ये त्यानं अल्बमला नावच दिलं 'पुण्य पाप'. बंगळुरूच्या ब्रोधा व्हीनं २०१२ मध्ये 'आत्मा रामा'त रामस्तुती आणि रॅप एकत्र आणलं. भक्ती आणि रॅप यांची सोयरीक आपल्याकडे जुळलेली आहे.

तरीही अमेरिकेतला ठेका, अमेरिकेतले हातवारे आणि इंग्रजीचं मराठी भाषांतर एवढ्यावर इथला श्रोता टिकेल, असं मानणं चुकीचं ठरेल. मराठी ख्रिस्ती संगीताच्या इतिहासात हा प्रयोग एकदा होऊन गेला आहे.

अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. हेन्री बॅलंटाइन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी मेहनतीनं मराठी गीतं रचली, पण बरीचशी पाश्चात्त्य चालींवर. शब्द मराठी, चाल विलायती, आणि श्रोते खेड्यापाड्यातले. मग कृष्णराव सांगळे हे मराठी ख्रिस्ती गृहस्थ कीर्तनाकडे वळले. टाळ, मृदंग, आख्यान, मध्येच दृष्टान्त, पुन्हा गाणं, असा ख्रिस्तकथेचा कीर्तनप्रयोग सुरू झाल्यावर लोक ऐकायला बसू लागले. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. त्यांनी अभंगात ख्रिस्ताला आळवलं, आणि तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. त्यांची गीतं 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून आजही मंडळ्यांमध्ये गायली जातात. शंभर वर्षांनंतरही गाणं टिकलं याचं श्रेय त्याच्या मराठी चालीला आणि मराठी भक्तीला द्यायला हवं.

त्याहून मागे जायचं तर १६१६ मध्ये गोव्यात छापलेलं 'क्रिस्तपुराण' आहे. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडचे. १५७९ मध्ये गोव्यात आले आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांत त्यांनी बायबलची कथा मराठीत बांधली. ती लोकांसमोर म्हणण्यासाठी होती. ओवी म्हणजे बोलणं आणि गाणं यांच्या सीमेवरचा छंद. रॅप नेमकं त्याच सीमेवर उभं असतं.

चालीइतकाच प्रश्न विषयाचा आहे. नगर, जालना, संभाजीनगर या पट्ट्यातल्या ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग दलित समाजातून आला. जालन्याजवळ निजामाच्या राजवटीत धर्मोपदेशक नारायण शेषाद्रींनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. धर्म बदलला तरी जातीचा जाच सगळा गेला नाही, आणि १९५०च्या राष्ट्रपती आदेशानं दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर राहिले. हा सल पिढ्यान् पिढ्या आहे. आराधनेच्या गाण्यांत तो क्वचितच येतो, आणि रॅपची गरज तिथेच आहे. लेक्रेनंही आपल्या चाहत्यांसमोर असाच अवघड विषय आणला. कृष्णवर्णीयांवरच्या पोलीस अत्याचारांबद्दल तो बोलू लागला, तेव्हा अनेक गोऱ्या चाहत्यांनी पाठ फिरवली. २०१७ मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकल वर्तुळापासून आपण दूर झाल्याचं त्यानं जाहीर सांगितलं. तो थांबला नाही, आणि जे श्रोते राहिले त्यांना त्याची साक्ष अधिक खरी वाटली.

मराठीत हे करू पाहणाऱ्याला भाषा उसनी आणावी लागणार नाही. जुन्या मराठी बायबलची भाषा साध्या बायकांना कळत नाही म्हणून पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अख्खं बायबल हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत आणायला घेतलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, भाषांतर पूर्ण करून. १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्याच्या छपाईच्या कामात मुक्तीतल्या स्त्रियांचे हात होते. बोलण्यातल्या मराठीत वचन कसं उतरवायचं याचा हा अख्खा नमुना मुकुंदवाडीतल्या एखाद्या पोराला आजही उघडून वाचता येतो.